सुरीच्या मुठीत बसवलेले खडे निखळतात, काय करू? (सोलापूर)

जॉबर_सोलापूर:

नमस्कार मंडळी. अशोक चौकाच्या मागं राहतो. ३१ वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे माग अडला की पाना घेऊन पळायचं ते काम. आता माग भंगारात गेले, पण हात काही गप्प बसत नाहीत. चार वर्षांपासून घरी सुऱ्या करतो. विकत नाही, नातेवाइकांना देतो. आता नातेवाईक मला लांबून बघूनच रस्ता बदलायला लागलेत.

पात्याचं जमतंय. ट्रकच्या कमान पाट्याचा तुकडा आणतो. ठोकायचं काम माझ्याच्यानं होत नाही. अक्कलकोट रोडला एक घिसाडी कुटुंब उतरतं, नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण मारते. ८ मिलीमीटरचा पाटा ती तीन-साडेतीनवर आणून देते. तो घण बघायला मी काम नसलं तरी जातो. एक घाव इकडंतिकडं पडत नाही. पुढं कानस मारणं आणि पाणी देणं माझ्याकडं. लाल करायचं, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून जरासं तापवायचं आणि कोमट शेंगतेलात सरळ बुडवायचं. कानस पात्यावरून घसरली की समजायचं पाणी बसलं. मग लगेच ओटीजीत २०० अंशांवर दोन तास, गार करून परत दोन तास. ओटीजी बायकोचा आहे. केकला शेंगतेलाचा वास येतो म्हणते, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

अडचण मुठीची. लांबोटीला सीनेचं पात्र उन्हाळ्यात उघडं पडतं. चिवडा घ्यायला थांबलो की मी खाली उतरतो. गारगोट्या मिळतात, दुधी, तांबूस, एखादीला कांद्यासारखे पदर. चांगल्या निवडल्या, मार्बल कटरला डायमंड ब्लेड लावून पाणी सोडत ३ मिलीमीटरच्या चकत्या काढल्या, दोन्ही अंगांनी घासून आरसा केल्या. बाभळीची मूठ, छिन्नीने पाडलेली खोबण, खोबणीत ते पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी, वर चकती. एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २. खरं सांगतो, मूर्तीला डोळे बसवल्यासारखी दिसत होती सुरी.

एप्रिलमध्ये भाचीचं लग्न झालं, तिला दिली. लग्नात सुरी कोण देतं का, म्हणून बहीण आधीच धुसफुसत होती. मे महिन्यात भाचीचा फोन. शेवग्याच्या आमटीत जावईबापूंच्या दाताखाली खडा आला. आधी वाटलं डाळीतला. धुऊन बघितला तर चांगला पॉलिश केलेला, पदरांचा! दात शाबूत आहे, पण बहिणीला जन्माचा विषय मिळाला. सुरी परत मागवली. ती माझ्या टेबलावर पडून असताना रात्री अजून एक खडा उडाला. मी जागाच होतो. टक् असा आवाज आला, धागा तुटल्यावर मागावर ड्रॉपर (धाग्यावर लटकणारी पत्र्याची पट्टी) पडतो ना, तसा.

तर गोंद कुठला वापरू? आणि नदीतले दगड चालतील का बाजारातून आणू? बाजारातून एकदा निळा फिरोजा आणला होता. ॲसिटोनच्या चिंधीने पुसला तर चिंधी निळी आणि खडा पांढरा. दुकानदार म्हणाला, असंच असतंय की ओ. रिकाम्या खोबणीचा फोटो जोडलाय.


टूलरूमवाला:

काका, फोटो मोठा करून बघितला. खोबणीच्या तळाशी गोंद तसाच आहे आणि तो काचेसारखा चकाकतोय. म्हणजे गोंदानं लाकूड सोडलेलं नाही, खडा सोडलाय. चकती दोन्ही अंगांनी आरसा केलीत तिथं घोळ झाला. गुळगुळीत अंगाला गोंद धरणार कशाला? मागचं अंग खरबरीत पाहिजे. जाड काचेवर ८० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी घ्या, चकतीचं मागचं अंग आठचा आकडा काढत फिरवा, ॲसिटोननं पुसा. पुसल्यावर बोट लावायचं नाही. गोंद २४ तासांत सुकणारा घ्या. पाच मिनिटांवाला उष्णतेला आणि पाण्याला दोन्हीकडं कच्चा असतो. आणि क्लॅम्प करकचून आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा आतून कोरडा राहतो.

पण काका, खरा गुन्हेगार बाभूळ आहे. किती दिवस वाळवली होती? ओलं लाकूड वाळताना आडव्या अंगानं शेकडा चार-पाच सहज आक्रसतं. २० मिलीमीटर रुंद खोबण असेल तर जवळजवळ १ मिलीमीटर! दगड आक्रसत नाही. लाकूड त्याला दोन्हीकडून चिमटत गेलं, खाली गोंदाची पकड नाही, मग तो वरच उडणार. तो टक् आवाज त्याचाच.

आता इथं कोणीतरी लिहिणारच की सोलापूरच्या उन्हानं झालं. समजा पितळ आणि अकीक (तुमची पदरांची गारगोटी) शेजारी बसवले, ३० मिलीमीटर लांबी धरली आणि तापमान ४० अंशांनी वाढलं, तरी दोघांच्या वाढण्यातला फरक मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा भरत नाही. ऊन नडतं ते गोंदाला. साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास ढिलं पडायला लागतं. सुरी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर तेवढं तापेल, स्वयंपाकघरात नाही.

आमच्याकडं डायमध्ये, म्हणजे साच्यात, इन्सर्ट (वेगळा तुकडा) बसवतात तो गोंदाच्या भरवशावर नसतो. तसंच करा. अडीच मिलीमीटरचा पितळी पत्रा घ्या, त्यात खिडकी कापा. खिडकीच्या कडा सरळ उभ्या ठेवू नका, आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर अरुंद, साधारण १० अंशांचा उतार. दगडाच्या कडा त्याच उतारानं घासा, म्हणजे उपड्या वाटीसारखा आकार होईल, तळ मोठा, माथा लहान. दगड मागून घालायचा. मागं पट्टी, आणि आरपार दोन पितळी पिना मारून सगळं पात्याच्या शेपटीला आवळायचं. गोंद उद्या मेला तरी खडा पुढून बाहेर पडू शकत नाही.

पितळ आणि दगड एका पातळीत आणताना बेल्टवर जाऊ नका. पितळ भराभर झिजतं, दगड जागचा हलत नाही, मग तो टेंगळासारखा वर राहतो. मागं कडक सपाट आधार असलेला डायमंड पॅड वापरा, पाण्यासोबत. फोमवाला मऊ पॅड नको. पिन तापली की आतला गोंद गेलाच म्हणून समजा, दर पाच-सात सेकंदांनी पाण्यात बुडवत जा. आणि एक विचारायचं राहिलं, मार्बल कटर पाणी सोडून चालवताय, लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे ना?


माती_दगड:

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. तुमच्या वर्णनावरून नदीतले तुमचे दगड म्हणजे अकीक आणि त्याचीच साधी भावंडं. आपल्या पायाखालचा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिका थरावर थर बसत गेली. तुमचे कांद्याचे पदर ते हेच. खडक झिजतो, गारगोटी झिजत नाही, म्हणून ती नदीत सुटी सापडते. कठीणपणा मोहसच्या मापावर (त्यात हिरा दहा) साडेसहा ते सात, कानशीने ओरखडा उठत नाही. मुठीसाठी याहून चांगला दगड पैसे देऊन आणायची गरज नाही.

विहीर खणताना निघतात ते चमचमणारे स्फटिक मात्र वापरू नका. स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे. दिसायला अप्रतिम, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघून माणूस खुळावतो. पण कठीणपणा साडेतीन ते पाच, आणि ठरावीक पातळीत पापुद्र्यासारखे सुटतात. एकदा सुरी ओट्यावर आपटली की संपलं. मॅलाकाइट हिरवागार सुंदर, पण मऊ, आणि त्याची भुकटी तांब्याची, पोटात जाऊ नये. तुमचा फिरोजा बहुधा हाउलाइट असणार. पांढरा, सच्छिद्र दगड, निळा रंग पिऊन घेतो. चिंधीने तुम्हाला खरं सांगितलं, दुकानदाराने नाही.

चकती कापायच्या आधी दगड रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बाहेर काढून वाळताना टक लावून बघा. सगळीकडे वाळला आणि एखादी रेघ तशीच ओली, काळी राहिली की ती भेग. त्या रेघेच्या आजूबाजूने कापा.

कठीण आणि चिवट यांत लोक गल्लत करतात. अकीक कठीण आहे, पण कोपऱ्यावर फटका बसला की कपचा उडतो. जेड नावाचा दगड कठीणपणात अकीकापेक्षा थोडा कमी, पण आतून लोकरीच्या नमद्यासारखा तंतूंनी गुंतलेला, फुटता फुटत नाही. म्हणून मुघल कारागीर अख्खी मूठ जेडची कोरत आणि माणकं वगैरे तिच्यात शुद्ध सोन्याचा वर्ख खड्याभोवती दाबून बसवत. कुंदन ते हेच, आणि आपला ‘कोंदण’ शब्द त्याच घरातला. हैदराबादला जाणं झालं तर सालारजंग संग्रहालयातले जेडचे खंजीर बघा. सोलापूरहून रेल्वेने जाऊन येण्यासारखं आहे.

थोडं विषयांतर. घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगातली वस्ती खणली गेली, तिथे याच जातीच्या दगडाची पाती ढिगाने मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे गारगोटी हेच पातं होतं. तुम्ही तिला मुठीत नेऊन बसवलंत, मला गंमत वाटली.

आणि कृपा करून कोरडं घासू नका. गुजरातेत खंभातला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसं या धुळीने गेली, सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि तो बरा होत नाही. पाणी सतत वाहतं ठेवा, एन-९५ मास्क लावा, खाली साचलेला चिखल ओला असतानाच पुसून घ्या. वाळला की तीच धूळ.


खानावळ_सातरस्ता:

अण्णा, राग मानू नका, पण सुरीला खडे कशाला? रोज आठ-दहा किलो कांदा माझ्या हाताखालून जातो. पुतण्याने हौसेने अख्ख्या दगडी मुठीची सुरी आणून दिली होती, अर्ध्या तासात मनगट भरून आलं. वरून हात ओला, दगड गुळगुळीत, दोनदा सटकली. शिवाय खडा आणि लाकूड यांच्या फटीत कांद्याचं पाणी जातं, दुसऱ्या दिवशी वास येतो. हौस असेल तर खडा एकच बसवा आणि पार मागच्या टोकाला, करंगळीच्या पलीकडं, तळवा दाबतो तिथं नको. बोट फिरवल्यावर कड लागता कामा नये. नखाला लागली तर ती फट आहे, मग मूठ पुन्हा नव्याने करा.


टूलरूमवाला:

आक्कांचं मनगट बरोबर सांगतंय. दोन्ही बाजूंना १०० × २५ × ६ मिलीमीटरचा दगड धरला तर ३० घनसेंटिमीटर, म्हणजे अकीक असेल तर ७८ ग्रॅम. लाकूड २५ च्या आत राहतं. त्या सुरीचा तोल सगळा मुठीकडं गेला असणार.


जॉबर_सोलापूर:

सगळ्यांना धन्यवाद. ईएलसीबी नव्हता, काल बसवून घेतला. बाभूळ माझ्याच दारातली, पावसाळ्यात फांदी पडली ती दिवाळीनंतर वापरली. म्हणजे ओलीच. जॉबर असून लाकूड वाळायची वाट बघितली नाही, याची लाज वाटली. एक शंका आहे. सुरी एसटीनं भाचीकडं नेताना कोणी अडवलं तर?


कोर्टकचेरी:

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार मोजलं आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या वापरासाठी केलेलं वगळलं आहे. तुमची सहा-सात इंचांची भाजीची सुरी त्यात बसत नाही. पण यात्रा, निवडणूक अशा वेळी पोलीस जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचा आदेश काढतात, तेव्हा सुरी कमरेला खोचून गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत फिरू नका, एवढंच. पात्याला पुठ्ठा गुंडाळा, डब्यात घाला, बॅगेच्या तळाशी ठेवा. आणि खंजिराचा आकार देऊ नका, दोन्ही बाजूंना धार तर नकोच. मग ‘भाजीसाठी आहे’ हे कोणी ऐकत नाही.


जॉबर_सोलापूर:

दोन महिन्यांनी लिहितोय. झाली.

लाकूड विकत आणलं नाही. माळ्यावर जुन्या मागाच्या पिकिंग स्टिक पडल्या होत्या, धोट्याला मार देणारी काठी असते ती. वर्षानुवर्षं फटके खाऊन न मोडलेलं लाकूड, आणि वीस वर्षं पत्र्याखाली वाळलेलं. कापताना भुसा पिठासारखा कोरडा पडला, तेव्हाच समजलं हे आता आक्रसणार नाही.

खड्यामागं घालायची पट्टी घरीच केली. कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून दाबले की मायकार्टा होतो, हे वाचलं होतं. आधी टॉवेलचा तुकडा घेतला. सोलापूरचा माणूस, दुसरं काय घेणार. पण टर्किशच्या फासांनी सगळं इपॉक्सी पिऊन टाकलं, आत हवा राहिली, कापल्यावर जाळीदार अनारसा निघाला. मग मयूरपंखी चादरीचा फाटका कोपरा घेतला. तीन थर भिजवले, दोन लोखंडी पट्ट्यांत प्लास्टिक घालून सी-क्लॅम्पनं दाबले, रात्र आणि दिवस ठेवले. कड घासली तर लाल, पांढरे, हिरवे धागे एकाखाली एक रेघेसारखे. मुठीच्या कडेला ती रेघ दिसते. खड्यापेक्षा बायकोला तीच आवडली.

खिडकीनं मात्र घाम काढला. पहिला पत्रा वाया गेला, सुई कानस घसरली आणि कोपरा फाटला. दुसऱ्या वेळी कोपरे टोकदार ठेवलेच नाहीत, ३ मिलीमीटर गोल केले, दगडाचेही तसेच. मॅडमनी कपचा उडतो म्हटलं होतं ते डोक्यात होतं. दगड खिडकीत बसतो का बघायला मागं टॉर्च धरायचा, कडेनं उजेड झिरपेल तिथं कुठं अडकतंय ते समजतं. पण अकीक स्वतःच उजेड पितो की! अख्खा खडा पिवळा पेटल्यासारखा व्हायचा, त्यात कडेची फट दिसायचीच नाही. दोन संध्याकाळी नुसता बघत बसलो. शेवटी खड्याच्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली, तेव्हा फट उघडी पडली. केसाएवढी, एकाच बाजूला. एका खिडकीला सहा संध्याकाळी गेल्या.

पॉलिश आधी ३००० पर्यंतच्या डायमंड पॅडनं, मग काचवाल्याकडून आणलेलं सिरियम ऑक्साइड ओल्या चामड्यावर. मागचं अंग मात्र या वेळी खरबरीत ठेवलंय, टूलरूमवाले भाऊ, शपथ. एका बाजूला एकच खडा, आक्कांनी सांगितलं तसा मागच्या टोकाला.

भाचीला द्यायच्या आधी पाच दिवस परीक्षा घेतली. रात्री बादलीत, दुपारी गच्चीवर उन्हात. एकही टक् नाही. एसटीनं नेली, कोणी विचारलं नाही. जावईबापूंनी हातात घेऊन खडा अंगठ्यानं दाबून बघितला, मग परत दाबून बघितला. बहीण म्हणाली, आता आमटीत पितळ सापडेल.

देण्याआधी ती सुरी घेऊन अक्कलकोट रोडलाही गेलो होतो, पातं त्या बाईच्या घणाखालचं म्हणून. तिनं खड्याकडं बघितलं नाही. पातं उलटं धरून डोळ्यासमोर नेलं, धारेच्या रेषेत नजर टाकली, अंगठ्यानं आडवी धार चाचपली. मग मूठ फिरवली आणि नखानं खड्याची कड खरवडली. नख कुठं अडकलं नाही. सुरी माझ्या हातात न देता पोत्यावर ठेवली आणि म्हणाली, पुढच्या वेळी पाटा इतका गंजका आणू नका, मारताना डोळ्यात उडतंय.